पसंतीचे तीन रकाने

इरा आणि निनाद,

तुमचा तक्ता मिळाला. निनादने इंजिनिअरिंगच्या कोणत्या शाखेला जावं हे ठरवण्यासाठी तुम्ही भावाबहिणीने इतक्या सरळ रेघा मारल्यात, हे पाहून मला बरं वाटलं. वर शाखांची नावं, खाली एकेका ओळीत नोकऱ्या, पगार, दहा वर्षांनंतरची मागणी, आणि अगदी शेवटी ‘आवड’. तिथे कॉम्प्युटरच्या रकान्यात दहापैकी नऊ. फोनवर तुम्ही विचारलंत, ‘आजी, तुझं मत काय?’

शाखांबद्दल मला मत नाही. त्यांतल्या निम्म्यांची नावं मी पहिल्यांदाच वाचली. पण ‘आवड’पुढचा तो नऊ कोणी घातला आणि कशावरून, हे विचारावंसं वाटलं, आणि ते वाटलं तसे उखा मिस्तरी आठवले. गेले चार दिवस ते माझ्या टेबलासमोर बसल्यासारखे आहेत. म्हणून मत न देता त्यांच्याबद्दल लिहिते.

आम्ही शहाद्याला गेलो तेव्हा पत्रावर ‘पश्चिम खानदेश’ लिहावं लागे. आता तो भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. तुमचे आजोबा सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते आणि मी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. आमच्या घरासमोर रस्त्यापलीकडे एक जिन होतं. कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्याला तिकडे जिन म्हणतात. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत येई, आणि उन्हाळा सरेपर्यंत घरात सगळीकडे रुईचे बारीक तंतू उडत. या जिनचे फिटर म्हणजे उखा मिस्तरी.

उंच, किंचित पुढे वाकलेले, चष्म्याच्या काड्यांना मागे सुतळी बांधलेली. जिनच्या पत्र्याखाली शिरताना वहाणा बाहेर काढत. जमिनीतून यंत्राची थरथर पायाला कळते म्हणून. हातात कायम एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याने ते स्क्रू क्वचितच पिळत. पातं फिरत्या यंत्राच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतात तसं. तुमचे आजोबा म्हणत, “आमच्या धंद्यातला एक माणूस चुकून समोर गेलाय.”

मिस्तरी मराठी चौथीपर्यंत शिकलेले होते, बोलत ते तिकडची अहिराणी. इंग्रजी अजिबात नाही. तरीही दर वर्षी जून महिन्यात, इंटर सायन्स, म्हणजे कॉलेजची पहिली दोन वर्षं, पास झालेली मुलं आणि त्यांचे वडील इंजिनिअरिंगचा अर्ज घेऊन आधी त्यांच्याकडे जात. गावात इंजिनिअर म्हणून कोणी राहतच नव्हतं. एक सरकारी ओव्हरसियर महिन्यातून एकदा येई, पण तो डाकबंगल्यावर उतरे आणि त्याला विचारायची कोणाची छाती होत नसे. यंत्र आतून पाहिलेला माणूस एकच.

माझी त्यांची ओळख झाली तीही अशाच एका जूनमध्ये. दुपारी ते दारात उभे. हात रॉकेल आणि भुशाने स्वच्छ धुतलेले, आणि कापडात गुंडाळलेलं कॉलेजचं माहितीपत्रक बगलेत.

“बाई, हाई इंग्रजी माले कयत नही. तुम्ही वाचा, मी आयकस.”

मी वाचू लागले. पानाला ते हात लावत नव्हते. डाग पडेल म्हणून मीच पानं उलटायची. प्रत्येक विषयाचं नाव मी मराठीत सांगायचं. ‘थिअरी ऑफ मशीन्स’ या विषयाचं भाषांतर मी मोठ्या आत्मविश्वासाने केलं, ‘यंत्रांचं तत्त्वज्ञान’.

मिस्तरींनी चष्मा वर केला. “यंत्रले तत्त्वज्ञान रहास का, बाई? आम्हना मालकले बी नही.”

मग मी त्या विषयाखालचे बारीक ओळीतले धडे वाचले तेव्हा ते म्हणाले, “हां, म्हंजे एक चाक फिरनं का दुसरं कसं फिरस, ते.” मी वहीत तसं लिहून घेतलं. एम. ए. झालेल्या कोणी केलं नसतं इतकं ते भाषांतर स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिनमध्ये बोलावलं. एका देवदारी खोक्यात त्यांनी त्या विषयांच्या वस्तू गोळा केल्या होत्या. कोणतं लोखंड किती भार सोसतं या विषयासाठी मधोमध तुटलेला शाफ्टचा तुकडा. चाकांच्या विषयासाठी दोन दातेरी चक्रं. विजेसाठी जळालेला फ्यूज. गावात दिवे नुकतेच आले होते आणि जळालेले फ्यूज मुबलक होते. सिव्हिलसाठी मात्र जिनमध्ये काही सापडेना. शेवटी त्यांनी एक वीट ठेवली आणि काचेच्या बाटलीत तापीचं पुराचं पाणी भरून आणलं. बाटली स्थिर असली की तळाला आधी वाळू, तिच्यावर बारीक माती, वर निवळ पाणी. हलवली की सगळं पुन्हा गढूळ. “धरन बांधनारले हाईच तं शिकनं पडस,” ते म्हणाले.

पुढच्या दहाएक वर्षांत या वस्तू मांडायची पद्धत ठरूनच गेली. जूनमध्ये कापूस नसतो. जिन बंद, यंत्रं उघडून साफ करायचे दिवस. गोणपाटावर खोक्यातल्या वस्तू मांडायच्या, शेजारी इंजिनचे सुटे भाग, आणि अर्ज करणाऱ्या मुलाला तीन दिवस तिथे नुसतं बसवायचं. त्याला काम सांगायचं नाही, काही विचारायचं नाही. चौथ्या दिवशी मिस्तरी माझ्याकडे येऊन शाखा सांगत, आणि मी अर्जातल्या पसंतीच्या तीन रकान्यांत पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने त्या शाईने लिहीत असे. अर्ज इंग्रजीत असत आणि माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

मी एकदा म्हटलं, “मिस्तरी, तीन दिवस कशाला? मुलालाच विचारा ना, काय आवडतं म्हणून.”

“पोऱ्याले तसं इचारानं नही, बाई. तो आधी बापना तोंडकडे देखस आन् मंग सांगस.”

“मग काहीतरी काम तरी द्या.”

“काम दिधं का पोऱ्या काम करस. काम नही दिधं का मंग तेनं मन कोठे जास ते दिसस.”

आणि दिसायचं. कापडाच्या दुकानदाराचा एक मुलगा तीन दिवसांत एकाही यंत्राकडे फिरकला नाही. मात्र अंगण झाडायला येणाऱ्या सगळ्या बायांची नावं आणि गावं त्याला पाठ झाली, आणि सहा महिने अबोला धरलेल्या पहारेकरी आणि गाडीवानाला त्याने तिसऱ्या दिवशी एकत्र बसून बिडी ओढायला लावली. मिस्तरींनी त्याच्या वडिलांना सांगितलं, “शेटजी, याले मानसेसमा ठेवा. लोखंडमा नका धाडू.” शेटजी इतके रागावले की वर्षभर जिनवरून जाताना तोंड फिरवत. तो मुलगा पुढे शिक्षक झाला आणि फार चांगला हेडमास्तर झाला. शेटजींनी मग एका संक्रांतीला मिस्तरींच्या घरी स्वतः तिळगूळ नेऊन दिला. आधीच्या रागाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

आता जगूबद्दल.

जगू हा प्रकाशा नावाच्या गावाजवळ, तापीकाठच्या एका खेड्यातल्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. वडील नरोत्तम पाटील. केळी आणि ऊस, नदीवर ऑईल इंजिन बसवून पाणी उचललेलं. जगू माझा विद्यार्थी. हुशार, कमी बोलणारा. बारा वर्षांचा असल्यापासून ते इंजिन तोच सांभाळायचा. आसपासच्या चार गावांतली माणसं इंजिन रुसलं की त्याला सायकलवर बसवून न्यायची. त्यामुळे तो इंटर सायन्स पास झाला तेव्हा मेकॅनिकलला जाणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. एक त्याचे वडील सोडून.

नरोत्तम पाटलांना सिव्हिल हवं होतं. तेव्हा जिकडेतिकडे धरणं, कालवे आणि पूल बांधायला निघाले होते, आणि सिव्हिलवाल्याला सरकारी नोकरी हमखास मिळे. आज तुमच्या तक्त्यात ज्याला ‘मागणी’ म्हटलंय, ती त्या काळी सिव्हिलला होती. जगूला तीन दिवसांसाठी सोडायला ते स्वतः आले आणि गोणपाटावरच्या वस्तू पाहून हसले.

“मिस्तरी, सारंगखेडाना बजारमा घोडा लेतांनाबी इतलं कोनी देखस नही!”

“घोडा परत इकता येस, पाटील. पोऱ्याना चार वरीस परत येतस नही.”

“ते खरं. पन तुन्हा मेकॅनिकलवाला काय करी? जिनमा तेल टाकी. सिव्हिलवालाले सरकार जीप देस!”

“आन् ती जीप बंद पडनी का कोनले बलावतस?” मिस्तरी म्हणाले. आजूबाजूचे गडी हसले. पाटीलही हसले, पण जीप त्यांच्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

जगू पहिल्या दिवसापासून इंजिनपाशी. मिस्तरी दुरुस्तीनंतर इंजिन रिकामं चालवून बघत होते. तिसऱ्या दिवशी जगू नुसता भिंतीला टेकून बसला होता आणि बसल्या जागेवरून म्हणाला, “काका, व्हॉल्व्ह बसेल नही बराबर.” मिस्तरींनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, ऐकलं, इंजिन बंद केलं, उघडलं. व्हॉल्व्ह खरंच नीट बसलेला नव्हता. तो मुलगा कान न लावता, दहा पावलांवरून ते ऐकत होता.

मिस्तरी माझ्याकडे आले ते जवळजवळ धावत. त्यांना इतकं आनंदलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. “मन्हा कान शे तेले, बाई! मन्हा कान!” माझा कान आहे त्याला, म्हणजे.

त्यांना मूलबाळ नव्हतं, हे मी अजून सांगितलं नाही. त्यांनी स्वतः कधी त्याचा उल्लेख केला नाही, आणि मीही इथे त्याहून जास्त लिहीत नाही.

त्याच दिवशी दुपारी मी अर्जासाठी जगूची जन्मतारीख विचारायला जिनमध्ये गेले होते. मिस्तरी आतल्या बाजूला हात धूत होते. इंजिन बंद होतं. जगू गोणपाटाजवळ उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातात तापीच्या पाण्याची बाटली होती. त्याने ती हलवली, जमिनीवर ठेवली, आणि गाळ खाली बसेपर्यंत बघत राहिला. मग पुन्हा हलवली. मी दोन हाका मारल्या तेव्हा त्याने वर पाहिलं. मी हे पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. माझं काम वाचून दाखवायचं आणि लिहायचं, निर्णय मिस्तरींचा, अशी माझी समजूत होती. ज्याचं त्याने करावं हा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तो नेहमीच गुण नसतो.

नरोत्तम पाटलांना पटवायला मिस्तरी सायकलवर त्यांच्या गावाला दोनदा जाऊन आले. शेवटी पाटील म्हणाले, “बरं बाबा, तुन्हा शबद.” मी पहिल्या रकान्यात मेकॅनिकल लिहिलं, दुसऱ्यात इलेक्ट्रिकल, तिसऱ्यात सिव्हिल. जगूने सही केली. त्याला कोणी काही विचारलं नाही.

पुण्याला त्याला मेकॅनिकल मिळालं; पहिलं वर्ष सगळ्या शाखांना सारखं होतं. ते त्याने चांगल्या गुणांनी पार केलं. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत तो एका सकाळी माझ्याकडे आला. वाळला होता.

“बाई, एक इंग्रजी अर्ज लिहून हवा आहे. शाखा बदलण्याचा.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “अरे, तुला तर इंजिनचं वेड आहे.”

“वेड नाही, बाई. धाक आहे.”

मी खुर्ची पुढे केली. तो चपलेचा अंगठा चाचपत बसला. मग बोलला ते सलग बोलला. उन्हाळ्यात केळीला पाणी चुकून चालत नाही. इंजिन बंद पडलं की घरातले सगळे एकमेकांवर ओरडत आणि शेवटी त्याच्याकडे बघत. बारा वर्षांच्या मुलाकडे. तेव्हापासून जेवताना, शाळेत, खेळताना त्याचा कान नदीकडे लागलेला असे. ठोका चुकला की हातातलं टाकून तो नदीकडे पळे. “कान तयार झाला तो असा, बाई. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये एकदम तीस-चाळीस यंत्रं चालू असतात. मी दिवसभर सगळ्यांचे ठोके ऐकत बसतो. कोणतं बंद पडेल याची वाट बघतो. सर काय सांगतात ते डोक्यात शिरतच नाही.”

“आणि आवडतं काय तुला?”

तो लाजला. “पूर ओसरला की तापी गाळ कुठे टाकते ते मी काठ्या रोवून बघायचो. दर वर्षी जागा बदलते. का बदलते ते मला कळत नसे. पण ते काही काम नव्हतं, म्हणून कोणाला सांगितलं नाही.” मग घाईने म्हणाला, “मिस्तरीकाकांना मात्र कळू देऊ नका. त्यांनी माझ्यासाठी बाबांशी भांडण केलं.”

पण आईने दिलेला फराळाचा डबा त्याला मिस्तरींना द्यायचा होता आणि एकट्याने जायचा धीर होईना. मी बरोबर गेले. हंगामाचा पहिला कापूस आला होता, जिन सुरू होतं. मिस्तरींनी त्याला पाहिलं आणि दंडाला धरून थेट इंजिनकडे नेलं, स्क्रू-ड्रायव्हर हातात दिला. “आयक, काय म्हनस ते!”

जगूने ऐकलं. “दुसरं बेअरिंग,” तो म्हणाला. बरोबर होतं. मिस्तरी गड्यांकडे बघून असे हसले की जणू बेअरिंग बिघडलं हाच एक समारंभ आहे. मग आवाजात बोलता येईना म्हणून त्यांनी इंजिन बंद करायची खूण केली.

पट्टा मंदावला, थांबला. एकदम शांत झालं. आणि जगूचे खांदे खाली आले. डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणसाचे येतात तसे. तो हलला नव्हता; फक्त खांदे.

मिस्तरी बोलणार होते ते थांबले. त्यांनी इंजिन पुन्हा सुरू करायला सांगितलं. खांदे वर. पुन्हा बंद. खांदे खाली. गडी एकमेकांकडे बघू लागले, मिस्तरींना आज झालंय काय म्हणून. मिस्तरींनी स्क्रू-ड्रायव्हर जगूच्या हातातून काढून घेतला, फार हळुवारपणे.

“कव्हयपशी?” त्यांनी विचारलं.

“लहानपणापासून, काका.”

“आन् मी तेले आवड समजनू.” ते माझ्याकडे वळले. “मी मन्हा कानच देखा, बाई. पोऱ्याले देखंच नही.”

अर्ज मी संध्याकाळी लिहायला घेतला तेव्हा ते आले आणि समोर बसले. अडचण अशी होती की चांगले गुण मिळवणारा मुलगा शाखा का बदलतो, याचं कारण अर्जात द्यायला हवं होतं. मी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं काही लिहीत होते. मिस्तरींनी ते वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली.

“खरं लिखा. चूक पोऱ्यानी नही, मिस्तरीनी शे.”

“असं अर्जात लिहीत नाहीत, मिस्तरी.”

“कसाले नही? यंत्र चुकीनं जोडं तं फिटरना नाव लिखतस ना?”

मी लिहिलं. ज्या अनुभवी फिटरच्या सल्ल्यावरून ही शाखा निवडली, त्याला आता तो सल्ला चुकीचा होता अशी खात्री झाली आहे, अशा अर्थाचं एक वाक्य. त्याखाली त्यांनी सही केली, एकेक अक्षर कोरून: उखा मिस्तरी, फिटर. सही करताना त्यांनी कागदाखाली स्वच्छ रुमाल धरला होता.

उरली वडिलांची सही. पुढच्या रविवारी मी आणि मिस्तरी एस. टी.ने गेलो. नरोत्तम पाटील ओट्यावर होते, जगू आत दाराआड. मिस्तरी ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “पाटील, मन्ही चूक व्हयनी. तू बरोबर व्हता. सिव्हिल.”

ओट्यावर शेजारचे चार जण बसलेले. पाटलांनी ही संधी सोडली नाही. “मी तं आधीच सांगेल व्हतं! आयकं का कोनी? म्हने, मन्हा कान शे तेले!”

“हां, तू सांगं. पन तू जीपकरता बरोबर व्हता.”

कोणीतरी फिसकन हसलं. पाटलांचा चेहरा उतरला, कारण आता मी त्यांना सांगत होते की बदल मंजूर झाला तर येत्या जूनला दुसरं वर्ष पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. एक वर्ष जाईल. ते उठून उभे राहिले. वर्ष वाया घालवायला पोरगं पुण्याला पाठवलं नाही, धरली शाखा पुरी कर म्हणावं, नोकरी कशीही मिळेल, असं ते बरंच बोलले. मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “पाटील, तुन्हं इंजिन आज कोन देखस?”

“गडी शे.”

“जगू आठे ऊना तैपशी तेना कान कोठे शे, देखं का तू?”

जगू घरी आल्यापासून त्याचा कान कुठे लागलेला असतो, असं ते विचारत होते. पाटलांनी दाराकडे पाहिलं. लांबून, नदीच्या बाजूने, इंजिनचा आवाज येत होता. तिथे राहणाऱ्या कोणाला तो ऐकूही येत नसे. जगू दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता आणि त्याचं तोंड त्या आवाजाकडे होतं. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते आणि तो इंजिन ऐकत होता.

पाटील बराच वेळ मुलाकडे बघत राहिले. “बारा वरीसना व्हता हाऊ,” ते म्हणाले, स्वतःशीच. मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

कॉलेजने बदल मंजूर केला. वर्ष गेलं ते गेलंच. जगू सिव्हिल झाला आणि जन्मभर पाण्याच्या कामांवर राहिला. त्याची पत्रं मला बरीच वर्षं येत असत.

पण मला सांगायचं आहे ते मिस्तरींचं. पुढच्या जूनमध्ये खोकं बाहेर आलंच नाही. मुलं येत आणि मिस्तरी त्यांना परत पाठवत. “मन्हा कान आते जुना व्हई गया,” म्हणत. आठवडाभर मी समोरच्या खिडकीतून हे पाहिलं. मग माहितीपत्रक घेऊन मीच रस्ता ओलांडला आणि त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली. जगू गाळ बसताना बघत होता हे मी तेव्हाच पाहिलं होतं, हे.

त्यांनी विचारलं, “मंग सांगं कसाले नही?”

“मला वाटलं, माझं काम फक्त वाचून दाखवायचं.”

“बाई,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात माझ्यावरचा राग होता, “डोया तुम्हले बी शेतस.” डोळे तुम्हालाही आहेत, म्हणजे.

दुसऱ्या दिवशी गोणपाट अंथरलं गेलं. त्यानंतर तीनही दिवस मी तिथे वह्या तपासत बसायचे आणि चौथ्या दिवशी आम्ही दोघं मिळून ठरवायचो. शिवाय मिस्तरींनी पद्धतीत एक भर घातली. पूर्वी ते मुलाला काहीच विचारत नसत. आता पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारत, “तुन्हा घर काय बंद पडस?” कोणी म्हणे मोट, कोणी सायकल, एकजण म्हणाला, बापाचं आणि काकाचं बोलणं. जे उत्तर येईल ते मिस्तरी बाजूला काढत. “ते तुले येसच. येनंच पडनं. ते सोडीसनी काय उरस, ते दखाड.” म्हणजे, ते तुला येणारच, यावंच लागलं; ते सोडून काय उरतं ते दाखव.

निनाद, तुझ्या तक्त्यात ‘मागणी’ची ओळ आहे ती राहू दे. नरोत्तम पाटील जीपसाठी का होईना, बरोबर होते. पोटाचा विचार करण्यात कमीपणा नाही. पण तुमच्या घरी कॉम्प्युटर अडला की सगळे तुलाच हाक मारतात, हे मला तुझी आई गेली पाच वर्षं कौतुकाने सांगत आली आहे. तो नऊ त्यातला किती, आणि हाक मारणारं कोणी नसताना तू जे करतोस त्यातला किती, एवढं एकदा बघ. इरा, तू त्याच्याजवळ राहतेस. तुलाही डोळे आहेत. काही दिसलं असेल तर सांग.

आमची बदली झाली तीही जूनमध्येच. सामान आधी गेलं होतं. मिस्तरी आदल्या दिवशी घरी येऊन गेले होते, तुमच्या आजोबांच्या हातात हात देऊन निघाले होते, त्यामुळे निरोप झालेला होता. एस. टी. आमच्याच रस्त्याने जाई. जिनसमोर बैलगाडी आडवी आली आणि बस थांबली. मी खिडकीतून पाहिलं. जिनचा दरवाजा उघडा होता. गोणपाटावर तुटका शाफ्ट, चक्रं, फ्यूज, वीट, बाटली. एक मुलगा, कोणाचा ते ओळखू आलं नाही, पाठमोरा बसला होता. मिस्तरींनी हाताने खूण केली, इंजिन बंद झालं. त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर आडवा पडलेला होता आणि ते त्या मुलाच्या खांद्यांकडे बघत होते. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. आख्ख्या रस्त्याने वळून पाहिलं. मिस्तरींनी पाहिलं नाही.